लॅव्हेंडरची बाटली हातात घेऊन बसलेय, उघडू का? (आजारपण आणि वास)

शेवंती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या मोठ्या बहिणीची केमो पुढच्या आठवड्यात सुरू होतेय. दर तीन आठवड्यांनी एक, अशा सहा सायकल. ऑपरेशन झालंय, टाके नीट भरलेत, डॉक्टर समाधानी आहेत. ताईला औषधांची भीती नाही, उलटीची आहे. लहानपणी घाटात गाडी वळायच्या आधीच हिचा चेहरा पांढराफटक पडायचा, तीच ही ताई.

तिच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं सहा छोट्या बाटल्यांचा डबा भेट दिलाय: लॅव्हेंडर, पेपरमिंट, निलगिरी, लिंबू, टी ट्री आणि गुलाब. सोबत घडीचं पत्रक. त्यात लिहिलंय की लॅव्हेंडरच्या वासानं जखमा लवकर भरतात, लिंबाच्या वासानं प्रतिकारशक्ती वाढते, पेपरमिंटनं मळमळ थांबते आणि निलगिरीनं फुप्फुसं शुद्ध होतात. मी पत्रक दोनदा वाचलं. दोन्ही वेळा त्यातलं निम्मं खरं वाटलं, पण कुठलं निम्मं ते काही कळेना.

भाबडेपणा करायचा नाही आणि उगाच नाकही मुरडायचं नाही, म्हणून इथे विचारतेय. तूर्तास माझा बेत एवढाच आहे. ताईला गुलाबाचा वास जीव की प्राण. तिच्या रुमालावर दोन थेंब टाकून देणार, म्हणजे सलाईन चालू असताना तिला जरा बरं वाटेल. चालेल ना?

रात्रपाळी

शेवंती, गुलाब नको. बाकी सगळं सावकाश बोलू, पण हे आधी वाचा.

मी नर्स आहे, केमोच्या वॉर्डात बरीच वर्षं काढलीत. मळमळीच्या वेळी नाकाला जो वास लागतो, तो मेंदू त्या मळमळीशी बांधून टाकतो. गाठ अशी पक्की बसते की पुढे नुसता वास आला तरी पोटात ढवळतं. काही पेशंटना हॉस्पिटलच्या जिन्यातच, औषधाचा एक थेंबही अंगात जायच्या आधी उलटी होते. तो मनाचा खेळ म्हणून सोडून देऊ नका, पोट खरंच उलटतं. त्याला आधीच येणारी मळमळ म्हणतात आणि त्यावर वेगळे उपचार करावे लागतात.

आता विचार करा. ताईचा सगळ्यात आवडता वास तुम्ही त्याच खुर्चीत, त्याच तासाला तिच्या नाकाशी नेऊन ठेवणार. सहा सायकलनंतर ताई बरी होईल, पण गुलाब तिच्यासाठी उरेल का? माझ्या एका पेशंटनं केमोच्या काळात नवऱ्याचं आफ्टरशेव्ह नाकाशी धरून दिवस काढले. नंतर बिचाऱ्याला ते बदलावं लागलं. आम्ही हसलो तेव्हा, पण हसण्यासारखं नव्हतं.

ही खोड उलटी फिरवूनही वापरता येते. १९८०च्या दशकात केमो घेणाऱ्या मुलांवर एक छान प्रयोग झाला. जेवण आणि केमो यांच्या मधल्या वेळात मुलांना वेगळ्याच, अनोळखी चवीची गोळी चघळायला दिली. नावड त्या गोळीवर बसली आणि नेहमीचं जेवण बऱ्याच अंशी वाचलं. बळीचा बकराच म्हणा ना. तर न्यायचाच असेल तर असा वास न्या, जो पुढे आयुष्यभर नाही आला तरी ताईचं काही अडणार नाही.

रसायनी

रात्रपाळी, दंडवत. असा प्रतिसाद वाचायला मिळतो म्हणून इथे येतो.

आता पत्रकाचा समाचार घेतो. पेशानं रसायनशास्त्राचा माणूस आहे, म्हणून जीभ जरा तिखट, दिवा घ्या.

आधी एक घोळ निस्तरू. वास हुंगणं, तेल कातडीला लावणं आणि तेल पोटात घेणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पत्रकं तिन्हींचे पुरावे एकाच पातेल्यात ढवळतात. टी ट्रीचं तेल काचेच्या बशीत जंतू मारतं, हे खरं. म्हणून टी ट्रीचा वास आला की खोलीतले किंवा रक्तातले जंतू मरतात, हे कुठून आलं? पेपरमिंट तेलाच्या, आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या कॅप्सूल चिडक्या आतड्याच्या त्रासात उपयोगी पडतात, त्याचे बरे पुरावे आहेत. पण त्या कॅप्सूलचा नाकाशी संबंध शून्य.

लॅव्हेंडर आणि जखम ही गोष्ट फ्रेंच रसायनतज्ज्ञ रने-मॉरिस गातफोसे याच्यापासून सुरू होते. १९१०मध्ये प्रयोगशाळेत स्फोट होऊन त्याचे हात भाजले. दंतकथा अशी की त्यानं हात लॅव्हेंडरच्या पिंपात बुडवला आणि चमत्कार झाला. त्यानं स्वतः लिहिलंय ते वेगळं आहे: जखमा पुढे सडू लागल्या, गॅस गँगरीन झालं, तेव्हा त्यानं त्या लॅव्हेंडरच्या तेलानं धुतल्या. म्हणजे तो तेलाचा जंतुनाशक म्हणून वापर होता, आणि तोही अँटिबायोटिक्स नव्हती त्या काळात. पुढे १९३७मध्ये त्यानं 'अरोमाथेरपी' हाच शब्द पुस्तकाच्या नावात घातला. गंमत बघा, ज्या उपचाराच्या नावातच सुगंध आहे, त्याच्या जन्मकथेत नुसत्या हुंगण्याचं काहीच काम नाही.

मग हुंगून जखम भरते का? हे नीट तपासलं गेलंय. २००८मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या गटानं ५६ निरोगी माणसांना लिंबू, लॅव्हेंडर आणि साधं पाणी हुंगायला दिलं. चिकटपट्टीनं कातडीचा वरचा थर ओढून काढला आणि तो किती वेगानं सावरतो ते मोजलं. हात बर्फगार पाण्यात घालायला लावून वेदना मोजल्या, रक्तातून प्रतिकारशक्तीची मापं घेतली. निम्म्यांना कुठल्या वासानं काय होईल ते आधीच सांगून ठेवलं होतं. निकाल? लिंबानं मूड सुधारला, सांगितलेलं असो वा नसो. जखम, वेदना, प्रतिकारशक्ती यांवर दोन्ही वासांचा उपयोग झाला नाही. लॅव्हेंडरनं तर मूडही हलला नाही.

तर शेवंतीताई, तुमच्या पत्रकातलं खरं निम्मं म्हणजे 'जरा बरं वाटतं'. तेही आजारपणात थोडं नसतं, हे मान्य.

शेवंती

बाप रे. गुलाबाची बाटली आत्ताच्या आत्ता वर ठेवून आले.

रात्रपाळी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. मी अगदी प्रेमानं तिचा गुलाब मारायला निघाले होते.

पण एक कळलं नाही. वासाचंच असं का? रुग्णालयातला पंख्याचा आवाज, भिंतीचा रंग, हेही तिथेच असतात की.

कानाघवाला

याचं उत्तर माझ्या दुकानातलं आहे. (कान-नाक-घसा. नाक मधोमध आहे ते उगाच नाही.)

डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं आधी मेंदूतल्या थॅलॅमसकडे जातं. तिथून वाटणी होते आणि मग पुढे अर्थ लागतो. वासाला ही देवडी लागत नाही. नाकाच्या अगदी छताशी लहानशा पट्ट्यात वासाच्या चेतापेशी असतात. त्यांचे तंतू कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून थेट वर घुसतात आणि एकाच थांब्यानंतर अमिग्डालाशी, म्हणजे भीती आणि भावनेच्या घराशी जाऊन भिडतात. आठवणींचं घर, हिप्पोकॅम्पस, शेजारीच. म्हणून वासाचं नाव ओठांवर यायच्या आधीच पोटात खड्डा पडलेला असतो किंवा डोळे भरून आलेले असतात.

माणसात या पेशींवरच्या ग्राहकांचे, म्हणजे वास पकडणाऱ्या रेणूंचे, सुमारे ४०० प्रकार आहेत. ते ज्या जनुकांवरून बनतात ती लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी १९९१मध्ये शोधली, २००४मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण कुठला वास चांगला आणि कुठला वाईट हे त्या ग्राहकांवर फारसं लिहिलेलं नसतं. ते आपण शिकतो. २००१च्या एका प्रयोगात तोच वास एकदा 'चीज' म्हणून हुंगायला दिला, एकदा 'ओकारी' म्हणून. चीज म्हटल्यावर लोकांना आवडला, ओकारी म्हटल्यावर नाकं दाबली. त्यामुळे 'लॅव्हेंडर शांत करतं' हे सरसकट विधान मला पटत नाही. ज्याला लॅव्हेंडरचा साबण वसतिगृहातल्या वाईट वर्षांची आठवण देतो, तो त्यानं शांत कसा होणार?

आता पत्रकातली 'फुप्फुसं शुद्ध' करणारी निलगिरी. मेंथॉल, कापूर, निलगिरी यांत नुसता वास नसतो, झोंबणं किंवा गारवाही असतो, आणि तो वेगळ्या चेतेचा, ट्रायजेमिनलचा कारभार. मेंथॉल गारवा ओळखणारा ग्राहक चाळवतं आणि मेंदूला वाटतं की भरपूर हवा आत येतेय. मोजलं तर नाक होतं तेवढंच चोंदलेलं असतं. सर्दीत तेवढं वाटणंसुद्धा झोप लागायला पुरतं, म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. पण नाक मोकळं झालं असं मात्र म्हणू नका.

रसायनी

कानाघसाहेब, 'सरसकट पटत नाही' याला अनुमोदन, पण माझ्याच बाजूच्या विरुद्ध एक पुरावा मांडतो. लॅव्हेंडरमधला एक मुख्य घटक लिनालूल. जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठात २०१८मध्ये उंदरांना तो हुंगवला, त्यांची घबराट कमी झाली. मग ज्यांची वासाची क्षमता घालवली होती अशा उंदरांवर तेच केलं, तर परिणाम गायब. म्हणजे वाफ फुप्फुसातून रक्तात जाऊन गुंगी आणत नव्हती, काम नाकातूनच होत होतं. आणि त्या उंदरांना लॅव्हेंडरची आठवण वगैरे असण्याचं कारण नाही. तेव्हा काही वासांत उपजतही काही असेल. उंदराचा पुरावा माणसाला जसाच्या तसा लावू नये, हे मीच लिहितो, म्हणजे तुम्हाला लिहावं लागणार नाही.

निर्गंध

आयडीवरून कळलंच असेल. आठ महिन्यांपूर्वीच्या विषाणूच्या तापानंतर माझा वास गेला. पहिले चार महिने काहीच येत नव्हतं. आता येतं ते भलतंच. कॉफी म्हणजे जळलेलं रबर आणि गटार यांचं मिश्रण. अंघोळीचा साबण कुजका लागतो. बायको विचारते जेवण कसं झालंय, मी 'छान' म्हणतो. दोघांनाही माहीत असतं.

लोक म्हणतात, वासच गेलाय ना, डोळे तर नाही गेले? खरंय त्यांचं. पण स्वतःच्या मुलीच्या डोक्याचा वास येत नाही हे कुणाला सांगणार.

तर कानाघवाला, इथे सगळे वासानं आजार बरा करण्याबद्दल बोलतायत. वासानं वास बरा होतो का?

कानाघवाला

निर्गंध, या धाग्यावर सुगंधाचा सगळ्यात भक्कम उपयोग तुम्हीच विचारलात.

जर्मनीतल्या ड्रेस्डेन इथले थॉमस हुमेल यांनी २००९मध्ये एक साधी पद्धत मांडली: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग हे चार वास, सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. ४० जणांनी सराव केला, १६ जणांनी नाही केला, आणि सराव करणारे पुढे निघाले. त्यानंतर पुष्कळ ठिकाणी हेच करून पाहिलं गेलं आणि आज विषाणूनंतर गेलेल्या वासावर आम्ही सगळ्यात आधी हेच सांगतो. औषध म्हणावं तर नाही, फिजिओथेरपी म्हणा.

चार छोट्या काचेच्या बरण्यांत कापसावर चार तेलांचे थोडे थेंब. एक बरणी नाकाजवळ धरायची, सशासारखं हलकं हलकं हुंगायचं, दहा-वीस सेकंद. खोल श्वास ओढायचा नाही. त्या वेळी चित्त तिथेच हवं: लवंग आहे, लवंग कशी होती, शेवटची कधी हुंगली होती. मग थोडं थांबून पुढची. मोबाइल बघत केलेला सराव मी सराव धरत नाही. १२ आठवडे म्हणजे किमान, बरेच जण सहा-नऊ महिने चालू ठेवतात. तीन महिन्यांनी चारही वास बदलून दुसरे घेतले तर आणखी फायदा दिसतो.

हे चालतं त्याचं कारण मोठं सुंदर आहे. वासाच्या चेतापेशी आयुष्यभर नव्यानं उगवतात, आणि चेतापेशींत ही चैन फार थोड्यांना आहे. कोविडमध्ये बहुतेक वेळा या पेशी थेट मेल्याच नव्हत्या, त्यांना सांभाळणाऱ्या आधारपेशींवर विषाणूनं घाला घातला होता. नवे तंतू वर जाऊन जोडले जाताना चुकीच्या ठिकाणी टाके पडतात, वासांची अशी उलथापालथ होण्याचं हे एक कारण मानतात. कॉफीच तुम्हाला का छळते, तेही बरंचसं कळलंय. २०२२मध्ये इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी कॉफीतले शेकडो सुगंधी रेणू एकेक करून अशा लोकांना हुंगवले, तेव्हा मुख्य खलनायक निघाला भाजण्यात तयार होणारा गंधकाचा एक रेणू. निरोगी नाकाला तो खमंग लागतो.

तुम्हाला आवडणार नाही, पण सांगतो: भलता वास येणं हे काहीच न येण्यापेक्षा बरं चिन्ह मानतात. आणि आजच करायचं काम म्हणजे घरात धुराचा आणि गॅसचा अलार्म बसवा. गॅसला मुद्दाम दुर्गंध घालतात तो तुमच्यासारख्यांना कळत नाही.

निसर्गस्पर्श

इथले विद्वान लोक फक्त परदेशी प्रयोग सांगत बसलेत. वनस्पतींना हजारो वर्षांचा इतिहास आहे. आमच्याकडचं शंभर टक्के शुद्ध तेल थेट जिभेखाली तीन थेंब, रोज रिकाम्या पोटी. केमोचं विष शरीरातून बाहेर पडतं. नैसर्गिक असल्यानं साइड इफेक्ट शून्य, लहान बाळांनाही चालतं. शेवंतीताई, व्यक्तिगत निरोप पाठवला आहे, पाहा.

कानाघवाला

शेवंती, तो निरोप उघडू नका. आणि इथे वाचणाऱ्या प्रत्येकासाठी, हसतखेळत नाही, गंभीरपणे लिहितोय.

ही तेलं पोटात घ्यायची नाहीत. निलगिरी किंवा कापराचं तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर थोड्याशा मात्रेत, काही मिनिटांत झटके येऊ शकतात. विंटरग्रीन नावाच्या झुडपाच्या तेलाचा एक चमचा म्हणजे सुमारे सात ग्रॅम ॲस्पिरिन पोटात गेल्यासारखं, त्यानं मूल दगावू शकतं. बाळाच्या नाकाशी, छातीला कापूर-मेंथॉल चोळायचं नाही. फिट येणाऱ्या माणसाच्या आसपास निलगिरी-कापूर जपून. दमेकऱ्याला आणि अर्धशिशीवाल्याला कुठलाही उग्र वास महागात पडू शकतो, मग तो कितीही शुद्ध असो.

आणि केमो चालू असताना पोटात दुसरं काहीही जायचं असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना आधी दाखवायचं. यकृत एकच आहे, त्याला दोन मालक नकोत.

रसायनी

नैसर्गिक म्हणजे साइड इफेक्ट शून्य! बर्गमॉटचं (संत्र्या-लिंबाच्या जातीच्या एका फळाचं) तेल लावून उन्हात जा आणि मग कातडीला विचारा. लॅव्हेंडर आणि लिंबाची तेलं हवेशी संयोग पावून जुनी झाली की त्यांतले पदार्थ ॲलर्जी उठवणारे बनतात. बाटली उघडल्याची तारीख लिहा, झाकण घट्ट लावून गारव्यात, अंधारात ठेवा, फार जुनी झाली तर टाकून द्या. कातडीला लावायचंच तर दुसऱ्या साध्या तेलात एक-दोन टक्के, म्हणजे चमचाभर तेलात दोन थेंबांच्या पुढे जाऊ नका.

आणि जंतू मारणारी म्हणून विकली जाणारी गोष्ट जंतू घेऊनही येऊ शकते. २०२१मध्ये अमेरिकेत एका लॅव्हेंडर-कॅमोमाइल रूम स्प्रेमध्ये मेलिऑइडोसिस या गंभीर आजाराचे जिवाणू सापडले. चौघं आजारी पडले, त्यांतले दोघं गेले.

व्यवस्थापक

जाहिरात आणि संपर्काचे तपशील काढले आहेत. आयडीला समज दिली आहे. चर्चा चालू द्या.

आजीची_नात

आजीला विसरण्याचा त्रास सुरू झालाय. रात्री झोपेत सुगंध दिला तर स्मरणशक्ती २२६ टक्के वाढते असं फिरतंय. डिफ्यूझर (हवेत वास पसरवणारं यंत्र) घ्यावा का?

रसायनी

तो अभ्यास खरा आहे: कॅलिफोर्निया विद्यापीठ, अर्व्हाइन, २०२३. साठ ते पंच्याऐंशी वयाचे ४३ जण, सहा महिने, रात्री दोन तास, आलटून पालटून सात वास. पण २२६ म्हणजे आजीची स्मृती सव्वातीनपट होणार असं नव्हे. शब्द लक्षात ठेवण्याच्या एका चाचणीत एक गट थोडा वर गेला, दुसरा थोडा खाली आला, आणि त्या दोघांमधल्या फरकाची ती टक्केवारी आहे. लहान आकड्यांची टक्केवारी काढली की ती नेहमी अशीच फुगते. शिवाय ती माणसं स्मृतिभ्रंशाची नव्हती.

डिफ्यूझर रात्रभर लावून उपयोग नाही, नाक काही मिनिटांत सरावतं आणि वास कळेनासा होतो. आजीला चालत असेल तर तिच्या ओळखीचे वास दिवसा हुंगायला द्या आणि तिला त्यांच्या गोष्टी सांगायला लावा. चार आठवणी निघाल्या तर संध्याकाळ बरी गेली.

बोकोबा

अवांतर: घरात मांजर असेल तर टी ट्रीची बाटली कुलपात. ही तेलं पचवायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात तोकडी असते. अंगावर पडलं आणि त्यानं चाटलं की संपलं.

शेवंती

दोन सायकल झाल्या, म्हणून हजेरी लावायला आले.

रात्रपाळींचं ऐकून पहिल्या सायकलला काहीच नेलं नाही. उलटीबंदीची औषधं वेळेवर घेतली, तरी तिसऱ्या दिवशी मळमळ होतीच. मग कुठेतरी वाचलं की स्पिरिटचा बोळा नाकाखाली धरून हुंगला की मळमळ थांबते. शोधलं तर त्याला खरंच चांगला आधार निघाला. २०१८च्या एका अभ्यासात तातडीच्या विभागात आलेल्या लोकांना आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा हुंगवला, तर अर्ध्या तासात तोंडानं घेतलेल्या ऑनडॅनसेट्रॉन या उलटीबंदीच्या औषधापेक्षाही जास्त आराम पडला. मी खूश! दुसऱ्या सायकलला पिशवीत बोळे भरून घेतले.

खुर्चीत बसल्यावर ताईला जरा ढवळलं. मी ऐटीत बोळा काढून तिच्या नाकाशी धरला आणि ती तिथल्या तिथे ओकली. माझ्या चपलांवर.

चुकलं काय?

रात्रपाळी

अरेरे. चपला धुतल्यात ना?

बोळ्याचा दोष नाही आणि अभ्यासही खोटा नाही. ती माणसं अचानक मळमळ होऊन आलेली होती, त्यांच्यासाठी स्पिरिटचा वास कोरा होता. ताईला सुई टोचायच्या आधी दर वेळी कातडी कशानं पुसतात? त्याच बोळ्यानं. पहिल्या सायकलमध्येच गाठ बसली. तुम्ही तिला नेमका केमोचाच वास हुंगवलात.

आमच्याकडे अशा पेशंटची सुई लावताना तोंड दुसरीकडे फिरवून, नाकावर मास्क लावून, खिडकीकडच्या खुर्चीत बसवतो. हे नर्सला सांगायला लाजू नका. आणि 'घरी निघायच्या आधीच मळमळ होते' असं झालं तर डॉक्टरांना सांगा, त्यासाठी आदल्या रात्री घ्यायची वेगळी गोळी असते.

घरात वास वाढवण्यापेक्षा कमी करा. जेवण गरम वाढू नका, वाफेबरोबर वास उठतो, कोमट-गार वाढा. तिला स्वयंपाकघरापासून लांबच्या खोलीत झोपवा. तुम्ही सगळ्यांनी सेंट, अत्तर, सुगंधी साबण सहा महिने बंद ठेवायचे. भेटायला येणाऱ्यांनाही आधीच सांगायचं, राग आला तर येऊ दे. आणि पाण्याचा डिफ्यूझर नकोच. पांढऱ्या पेशी कमी असताना त्यातल्या शिळ्या पाण्यात वाढणारे जंतू हवेत उडवायची हौस कशाला?

निर्गंध

अकरावा आठवडा. निलगिरी पहिल्यापासून 'येत' होती, पण तो गारवाच होता हे इथे वाचल्यावर कळलं. लिंबू अजून नाही. गुलाबाच्या जागी ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी येतं.

परवा सकाळी लवंगेची बरणी उघडली आणि एकदम दातांच्या दवाखान्यातली खुर्ची डोळ्यांपुढे आली. वास आला असं म्हणता येणार नाही, खुर्ची आधी आली. मग पुन्हा हुंगलं तर खूप लांबून, भिंतीपलीकडून यावी तशी लवंग. दातांत भरायच्या औषधात लवंगेतलं युजेनॉल असतं असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणजे मेंदूनं पत्ता बरोबर काढला होता.

मी त्या बरणीला धरून दहा मिनिटं बसलो. कॉफी अजूनही गटारच आहे.

कानाघवाला

खुर्ची आधी आली! निर्गंध, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगू का? आयडीशिवाय.

निर्गंध

सांगा की. आयडीसकट सांगा, बदलायचाच आहे आता.

शेवंती

चौथी सायकल झाली.

ताई खिडकीकडच्या खुर्चीत बसते, मास्क लावते, सुई लागेपर्यंत माझ्याकडे बघते. आदल्या रात्रीची गोळी डॉक्टरांनी दिलीय. बळीचा बकरा म्हणून डब्यातलं पेपरमिंट नेलं होतं, कारण ते तिला तसंही टूथपेस्टसारखंच वाटायचं. ते आता तिच्या डोक्यातून गेलंय. टूथपेस्टही बदलावी लागली, हा हिशेब माझ्या लक्षातच आला नव्हता.

लिंबू तिनं स्वतः मागून घेतलं, पण घरी, चांगल्या दिवसांत, म्हणजे सायकलच्या तिसऱ्या आठवड्यात. कापसावर एक थेंब, संध्याकाळी गच्चीत बसायच्या वेळी. जखमा भरतात का ते ५६ लोकांनी सांगितलंच आहे, तिला फक्त गच्ची हवी असते. टी ट्री आणि निलगिरी बोकोबांच्या धाकानं कुलपात. लॅव्हेंडर मी स्वतःला वापरते, झोप येत नाही म्हणून. येते का? कधी कधी.

गुलाब कपाटाच्या वरच्या खणात आहे. ताईला सगळी हकिकत सांगितली होती. काल तिनं मुद्दाम खुर्ची घेऊन बाटली जागेवर आहे ना ते बघितलं आणि मला बजावलं, "शेवटच्या सायकलनंतर दोन महिन्यांनी मी उघडणार. तोवर हात लावलास तर याद राख."